डाव्या सीटवरून

सिंहगड रस्त्यालगतच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये येणारा माणूस पहिल्या आठवड्यात एकच गोष्ट विचारतो, क्लच नेमका कधी सोडायचा? दुसऱ्या आठवड्यात सिग्नलला गाडी बंद पडायची थांबते, मागच्या हॉर्नची धास्ती जरा कमी होते, आणि मग पुढचा प्रश्न येतो. ‘मॅडम, गाडी कुठली घेऊ?’

हाच प्रश्न शोरूममध्ये विचारला तर उत्तर त्यांच्याकडे उभ्या असलेल्या गाड्यांपैकीच एखादं असतं. मेव्हण्याला विचारला तर मेव्हण्याचीच गाडी. मॅडमचं उत्तर तिसरीकडून येतं. त्यांचा दिवस डाव्या सीटवर जातो. पायाखाली जादा क्लच आणि ब्रेक, उजवा हात हँडब्रेकजवळ, आणि नजर समोरच्या रस्त्याइतकीच शेजारच्याच्या पायांवर. नवा माणूस कुठे अडतो, कशाला घाबरतो, कुठल्या गाडीतून उतरताना त्याचा गुडघा कुरकुरतो, हे त्या जागेवरून जेवढं कळतं तेवढं माहितीपत्रकातून कळत नाही. गाडीचं नाव त्या लगेच घेत नाहीत. आधी विचारतात, ‘ऑफिस कुठे? निघता किती वाजता? आणि रात्री गाडी लावणार कुठे?’

तिसऱ्या प्रश्नाला बहुतेकांकडे उत्तर नसतं.

मॅडम स्वतः शिकल्या मारुती ८००वर. त्यांच्या पिढीतलं अर्धं पुणं त्याच गाडीवर शिकलं. १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिल्या ८००ची किल्ली इंदिरा गांधींच्या हस्ते दिली गेली, आणि जानेवारी २०१४मध्ये तिचं उत्पादन थांबलं. तीन सिलिंडरचं ७९६ सीसीचं इंजिन, हलकं स्टिअरिंग, बारीक खांब आणि चारही बाजूंना भरपूर काच. बोनेट कुठे संपतं हे सीटवरून दिसायचं, त्यामुळे नवशिक्याला अंदाज लवकर यायचा. आताच्या गाड्यांत काचेच्या बाजूचे खांब जाड झाले, खिडक्या वर सरकल्या, मागची काच चिंचोळी झाली. त्यातला काही भाग धडकेत छप्पर टिकावं म्हणून आहे आणि काही निव्वळ दिसण्यासाठी. मग दिसत नाही म्हणून कॅमेरा लावायचा आणि त्याचे वेगळे पैसे घ्यायचे, यावर मॅडमचं मत छापण्याजोगं नाही.

मायलेजबद्दल मात्र त्या छापण्याजोगं बोलतात, कारण तो आकडा पुण्याच्याच डोक्यावर बसलेला आहे. देशभरच्या जाहिरातींत ज्या एआरएआयच्या नावाने ‘लिटरला इतके किलोमीटर’ असं छापतात, ती संस्था वेताळ टेकडीवर आहे. सकाळी फिरायला जाणारे त्या भागाला सरळ ‘एआरएआय टेकडी’च म्हणतात. १९६६ साली स्थापन झालेली ही संस्था चाचणी घेते ती रस्त्यावर नव्हे. गाडीची चाकं रोलरवर फिरतात, वेग ठरलेल्या आलेखाप्रमाणे चढतो-उतरतो. सुमारे वीस मिनिटांत साडेदहा किलोमीटर, कमाल वेग ताशी ९०, एसी बंद. सरासरी पडते ताशी ३२ किलोमीटरच्या आसपास. आता टेकडी उतरून खाली यावं. टॉमटॉम या कंपनीच्या वाहतूक निर्देशांकानुसार २०२४ साली पुण्यात दहा किलोमीटर जायला सरासरी ३३ मिनिटं २२ सेकंद लागत होती. म्हणजे ताशी १८, तेही एसी लावून आणि फर्स्ट-सेकंडमध्ये घासत.

त्यामुळे कागदावर २४-२५ देणारी वॅगनआर शहरात १५च्या आसपास आली तर गाडी बिघडली असं समजायचं कारण नाही. पंपावर आता वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉलमधली उष्णता पेट्रोलपेक्षा कमी, त्यामुळे आकडा आणखी थोडा खाली सरकतो. टेकडीवरचा आकडा दोन गाड्या एकमेकींशेजारी ठेवून बघायला चांगला. घरखर्चाच्या वहीत तो लिहू नये.

वही मात्र काढावीच. धायरीहून शिवाजीनगरला नोकरीसाठी जाणाऱ्या एका शिक्षिकेने सीएनजीचा हट्ट धरला होता. मॅडमनी तिला गाडीतच मोबाइलवर हिशेब करायला लावला. जाऊन-येऊन २५ किलोमीटर, महिन्याचे २४ दिवस, म्हणजे ६०० किलोमीटर. पेट्रोल १०४ रुपयांच्या आसपास, शहरात १५ धरलं तर ४० लिटर, म्हणजे ४,१६० रुपये. सीएनजी नव्वदच्या आसपास, किलोला २५ किलोमीटर धरलं तर २४ किलो, म्हणजे २,१६० रुपये. महिन्याला दोन हजार वाचले. सीएनजीची गाडी मुळात नव्वद-पंचाण्णव हजारांनी महाग. म्हणजे वरचे पैसे फिटायला चारेक वर्षं.

‘आणि रांगेत उभं राहायचे पैसे कोण देणार?’ मॅडमनी विचारलं.

‘माझी शाळा सकाळची आहे, मॅडम. दुपारी दोनला पंपावर कोणी नसतं.’

मग घे, म्हणाल्या. सीएनजीला त्यांचा विरोध नाही. रोजचं अंतर मोठं असेल आणि पंपावर आडवेळी जाणं जमत असेल, तर दुसरा पर्याय बघायचंही कारण नाही. पण ६० लिटरची टाकी डिकी खाऊन टाकते, दर तीन वर्षांनी तिची दाबाची तपासणी करून घ्यावी लागते, आणि चढावर, एसी लावून, चार माणसं बसलेली असताना गाडी सेकंडमध्ये दम टाकते. हे आधी माहीत असलं की भांडण होत नाही. टाटांनी २०२३पासून एका मोठ्या टाकीऐवजी दोन लहान टाक्या डिकीच्या तळाशी घालायला सुरुवात केली, तेव्हा कुठे सीएनजीच्या गाडीत बॅगा ठेवता येऊ लागल्या. डिझेलचा विषय तर आता निघतही नाही. एप्रिल २०२०मध्ये प्रदूषणाचे बीएस-६ नियम आले, छोट्या डिझेल इंजिनाला ते नियम पाळण्याचा खर्च झेपेना, आणि मारुतीसारख्या कंपनीने डिझेलच्या गाड्या बनवणंच सोडलं.

छोट्या गाडीची सरकारी व्याख्याही गमतीची आहे. २००६च्या अर्थसंकल्पात ठरलं की लांबी चार मीटरच्या आत आणि पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत असेल तर अबकारी कर कमी. त्यानंतर या देशात गाड्यांच्या शेपट्या कापल्या गेल्या. मागून छाटल्यासारखी डिकी असलेल्या सेडान रस्त्यावर आल्या त्या यामुळे. जीएसटी आला तरी चार मीटरची रेघ राहिली. २२ सप्टेंबर २०२५पासून या रेघेच्या आतल्या पेट्रोल गाड्यांवरचा कर सेससह २९ टक्क्यांवरून १८वर आला, आणि ‘थांबू का घेऊ’ म्हणणारे मॅडमचे कितीतरी शिष्य एकदम शोरूमकडे पळाले.

पण या व्याख्येत रुंदी कुठेच नाही, आणि पुण्यातली सोसायटी अडते ती रुंदीवर.

आल्टो के१० ही १,४९० मिलिमीटर रुंद. वॅगनआर १,६२०. टियागो १,६७७. पंच १,७४२. सगळ्या चार मीटरच्या आतल्या, सगळ्या कागदोपत्री ‘छोट्या’. दोन खांबांच्या मध्ये २.३ मीटर जागा असेल तर आल्टोच्या दोन्ही बाजूंना चाळीस-चाळीस सेंटिमीटर उरतात, पंचच्या बाजूंना अठ्ठावीसही नाहीत, आणि यात आरसे धरलेले नाहीत. अठ्ठावीस सेंटिमीटरच्या फटीतून साठीच्या सासूबाई कशा उतरणार? म्हणून मॅडम शिकणाऱ्यांना मोजपट्टी घेऊन पार्किंगमध्ये जायला सांगतात. लोक आधी हसतात. नव्या इमारतींत यांत्रिक पार्किंग असतं, तिथे गाडीच्या वजनाला आणि उंचीला मर्यादा असते. ती पाटी कुलूप लावलेल्या पॅनेलशेजारी टांगलेली असते आणि गाडी बुक केल्यावरच वाचली जाते.

वळण्याची त्रिज्या हा आकडाही असाच, छापलेला असतो पण कोणी बघत नाही. आल्टोची साडेचार मीटर, वॅगनआरची ४.७, टियागोची ४.९. फरक वीस-चाळीस सेंटिमीटरचा, पण सदाशिव पेठेतल्या बोळात एका झटक्यात वळणं आणि मागे दोन रिक्षा उभ्या असताना रिव्हर्स टाकून पुन्हा वळणं, यातलं अंतर तेवढंच असतं. या बाबतीत मॅडमना हळहळ वाटते ती नॅनोची. पिंपरीतल्या अभियंत्यांनी घडवलेली, जानेवारी २००८मध्ये दिल्लीच्या ऑटो एक्स्पोत दाखवलेली, ६२४ सीसीची, ३.१ मीटर लांबीची, चार मीटरच्या त्रिज्येत वळणारी. पेठांसाठी याहून सोयीची चारचाकी भारतात झाली नाही, असं त्या ठामपणे म्हणतात. पण ‘सगळ्यात स्वस्त’ हे बिरूद तिला सोडेना. लग्नाला जाताना त्या गाडीतून उतरायला लोकांना लाज वाटायची. मागचं झाकण उघडणारी डिकी आणि ऑटोमॅटिक गिअर तिला मिळाले २०१५मध्ये, आणि तोवर गिऱ्हाईक पुढे निघून गेलं होतं.

गाडी कशासाठी घेतात, हा खरा वादाचा मुद्दा. रोज वडगावहून डेक्कनला एकटा जाणारा मुलगा सात माणसं बसणारी गाडी बघत असतो, कारण गणपतीला सगळे मिळून कोकणात जातात. वर्षातल्या त्या दोन-तीन फेऱ्यांसाठी उरलेलं वर्षभर हप्ता, विमा आणि पार्किंग भरायचं! मॅडम त्याला कोकणच्या फेऱ्यांसाठी भाड्याची गाडी किती पडेल ते विचारायला सांगतात. बहुतेक वेळा ते भाडं दोन गाड्यांच्या हप्त्यातल्या फरकात सहज बसतं. तरी मुलं ऐकत नाहीत, आणि मॅडमही फार ताणत नाहीत. घरातली गाडी फक्त ऑफिसला जायला नसते, ती चार लोकांनी बघायलाही असते, हे त्यांना ठाऊक आहे.

इंजिनाच्या आकारावरून विम्यात पडणारा फरक मात्र त्या आवर्जून सांगतात. सप्टेंबर २०१८पासून नव्या गाडीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम घ्यावा लागतो. २०२२ साली ठरलेल्या दरांनी तो हजार सीसीपर्यंतच्या गाडीला ६,५२१ रुपये आणि त्यावरच्या, दीड हजार सीसीपर्यंतच्या गाडीला १०,६४०. वॅगनआर ९९८ आणि ११९७ अशा दोन्ही इंजिनांत मिळते. शहरापुरती हवी असेल तर हजारच्या आतलं पुरे, असं त्यांचं मत.

ऑटोमॅटिकविषयी मॅडमचं मत मधल्या काळात बदललं. पूर्वी ऑटोमॅटिक म्हणजे महागड्या गाड्यांची चैन. फेब्रुवारी २०१४मध्ये सेलेरिओ आली आणि एएमटी हा शब्द मध्यमवर्गाच्या तोंडी बसला. आत गिअरबॉक्स नेहमीचाच असतो, फक्त क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम माणसाऐवजी यंत्रणा करते. त्यामुळे वरचे पैसे फार लागत नाहीत. फर्स्टवरून सेकंडवर जाताना गाडी क्षणभर अडखळते आणि बसलेल्यांची मान डोलते. ‘चालेल,’ मॅडम म्हणतात, ‘मान डोललेली बरी, गुडघा गेलेला नको.’ स्वारगेटच्या बाजूला बँकेत काम करणाऱ्या एक बाई त्यांच्याकडे शिकत होत्या. डाव्या गुडघ्याचं दुखणं जुनं. मॅन्युअल गाडीवर त्या उत्तम शिकल्या, पक्कं लायसन्सही पहिल्या फटक्यात मिळालं, पण संध्याकाळी राजाराम पुलापासून घरापर्यंत यायचं म्हणजे क्लचवर पाय सतत वरखाली. त्यांच्या यजमानांचं म्हणणं, ऑटोमॅटिकला मायलेज कमी मिळतं. एएमटीपुरतं ते खरं नाही. वॅगनआरच्या हजार सीसी इंजिनाचा छापील आकडा एएमटीत मॅन्युअलपेक्षा किंचित जास्तच आहे. बाईंनी एएमटी घेतली.

घेतल्यावर आठवडाभरात फोन. ‘मॅडम, चढावर जळका वास येतो.’

वास क्लचचा. ऑटोमॅटिक म्हटली तरी एएमटीत क्लच प्लेट असतेच. चढावर गाडी मागे जाऊ नये म्हणून बाई ॲक्सिलरेटरवर हलका पाय ठेवून तिला जागच्या जागी धरून ठेवत होत्या, आणि आत प्लेट घासत होती. चढावर थांबायचं ते ब्रेकवर, जास्त थांबायचं तर हँडब्रेक ओढून, आणि पुढच्या गाडीने नीट जागा दिल्याशिवाय इंच-इंच सरकायचं नाही, हे मॅडमनी त्यांना वारजे पुलाच्या चढावर नेऊन पुन्हा शिकवलं. शोरूममध्ये हे कोणी सांगत नाही. सांगणाऱ्यांनाही माहीत असतंच असं नाही.

उंचीचा प्रश्न बायकांना विशेष येतो. पाच फुटांच्या आसपास उंची असली की कित्येक बेस मॉडेलमध्ये स्टिअरिंगवरून रस्ता अर्धाच दिसतो. ड्रायव्हरची सीट वर-खाली करायची सोय वरच्या मॉडेलमध्ये असते, आणि ते मॉडेल पन्नास हजार ते लाखाने महाग. मग घरून उशी येते. उशी ब्रेक मारताना सरकते, म्हणून मॅडम ती घट्ट बांधायला लावतात. सीट आणि मागच्या काचेचा वायपर या दोनच गोष्टींसाठी वरचं मॉडेल घ्यावं, टचस्क्रीन आणि रंगीत दिवे सोडून द्यावेत, असा त्यांचा सल्ला. नेमक्या याच दोन गोष्टी शोरूमच्या सजावटीत शेवटी येतात.

सुरक्षिततेविषयी बोलताना त्यांचा आवाज जरा चढतो. जानेवारी २०१४मध्ये ग्लोबल एनकॅपने भारतातल्या पाच लोकप्रिय छोट्या गाड्यांची धडक चाचणी घेतली, ताशी ६४ किलोमीटरच्या वेगाने. एअरबॅग नसलेल्या त्या पाचही गाड्यांना शून्य तारे मिळाले. त्यानंतर नियम कडक झाले. २०१९मध्ये एबीएस आणि ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची झाली, मग शेजारच्याचीही, आणि १ ऑक्टोबर २०२३पासून भारत एनकॅप सुरू झालं. ग्लोबल एनकॅपच्याच चाचणीत टियागोला २०२०मध्ये चार तारे होते. कडक झालेल्या नियमांनी २०२३मध्ये तपासलेल्या आल्टो के१०ला दोन आणि वॅगनआरला एक. २०२५मध्ये मारुतीने या दोन्ही गाड्यांत सहा एअरबॅग सगळ्या मॉडेलना दिल्या. शिकणारे तारे मोजतात आणि त्यांनी ते मोजावेतच, असं मॅडमना वाटतं. पण पाच ताऱ्यांची गाडी घेऊन पोराला मांडीवर बसवून पुढे नेणारा बाप त्यांना रोज दिसतो. मागच्या सीटचा पट्टा कुठे अडकवतात हे कित्येकांना मॅडमच्याच गाडीत पहिल्यांदा कळतं, कारण आधीच्या सगळ्या गाड्यांत तो सीटखाली गेलेला असायचा.

विजेवरच्या गाडीला शहराचा रोजचा प्रवास अगदी योग्य. टियागो ईव्ही सप्टेंबर २०२२मध्ये आली. तिची १९.२ युनिटची बॅटरीही २५ किलोमीटरच्या रोजच्या फेरीला आठवड्यातल्या कामाच्या दिवसांना सहज पुरावी. महिन्याच्या ६०० किलोमीटरला ८०-९० युनिट, म्हणजे पेट्रोलच्या तुलनेत खर्च नगण्य. २०२३मध्ये आलेली कॉमेट तर तीन मीटरपेक्षाही आखूड आहे. पण हिशेब अडतो प्लगपाशी. ज्याचं पार्किंग स्वतःचं आणि मीटर खाली आहे त्याने डोळे झाकून घ्यावी. गाडी रस्त्यावर उभी करणाऱ्याने मात्र आधी वायर कुठून आणणार ते सांगावं. मॅडमच्या एका विद्यार्थ्याला त्याच्या सोसायटीच्या सभेत चार्जिंगच्या पॉइंटला परवानगी मिळता मिळेना. आग लागेल, बिल कोण भरणार, उद्या सगळेच मागतील. त्याने शेवटी सीएनजी घेतली, आणि तक्रार करणाऱ्या काकांनी दिवाळीत स्वतः इलेक्ट्रिक स्कूटर आणली.

काहींना मॅडम गाडी घेऊच नका म्हणतात. पिंपरीहून शिवाजीनगरला येणाऱ्याला मेट्रो आहे. मार्च २०२२मध्ये सुरू झाली तेव्हा ती फुगेवाडीपर्यंतच होती, सप्टेंबर २०२४पासून स्वारगेटपर्यंत येते. घरापासून स्टेशनापर्यंत स्कूटर, पुढे मेट्रो, आणि पावसाळ्यात किंवा आईला दवाखान्यात न्यायचं असेल तेव्हा एखादी पाच-सहा वर्षांची सेकंडहँड आल्टो. पहिल्या वर्षी बंपर घासणारच आहे, तर तो आधीच घासलेला का नसावा? सर्व्हिसिंगची कागदपत्रं, टायर आणि क्लच बघून घ्या, एवढंच.

टेस्ट ड्राइव्हच्या बाबतीत त्यांची एक अट असते. शोरूमवाले रविवारी सकाळी मोकळ्या रस्त्यावर चक्कर मारवतात, एसी फुल, गाणी चालू. मॅडम म्हणतात, कामाच्या दिवशी संध्याकाळी साडेसहाला मागा, घरची सगळी माणसं बसवा, आपल्या सोसायटीच्या उतारावरून खाली न्या आणि आपल्याच खांबांमध्ये लावून बघा. बहुतेक शोरूम कुरकुरत का होईना, देतात. एका निवृत्त गृहस्थांनी अशी चक्कर मारली आणि चाललेलं बुकिंग बदललं. एसयूव्हीसारखी दिसणारी गाडी त्यांच्या पत्नीला चढायला उंच पडत होती आणि आल्टोतून उठायला गुडघ्यावर जोर येत होता. वॅगनआरची सीट नेमकी कंबरेच्या उंचीला आली. ‘काका, दिसायला ती डब्यासारखी आहे हां,’ मॅडमनी आधीच सांगून ठेवलं होतं. काका म्हणाले, ‘मी पण आता कुठे हिरो दिसतोय!’

सध्या शाळेच्याच गाडीचा विषय निघालाय. जुन्या गाडीची क्लच प्लेट पुन्हा गेली आहे, आणि शिकाऊ हातांखाली ती जातच राहणार. नवी घ्यायची तर कुठली, यावर मॅडम आणि शाळेचे मालक यांचं एकमत होत नाही. मालकांना एएमटी हवी, कारण येणाऱ्यांपैकी बरेच जण आता तीच विकत घेतात आणि आम्हाला त्याच गाडीवर शिकवा म्हणतात. आपल्याकडे हलक्या मोटारीचं लायसन्स मॅन्युअल आणि ऑटोमॅटिक दोन्हींना एकच, त्यामुळे कायद्याचीही अडचण नाही. मॅडमचं म्हणणं, मॅन्युअलवर शिकलेला माणूस दोन्ही चालवतो, आणि गावाकडची, भावाची किंवा भाड्याची गाडी हाती आली तर त्याला अडून बसावं लागत नाही. शिवाय एएमटीत डाव्या बाजूला जादा क्लच बसवायचा प्रश्नच नाही, फक्त ब्रेक उरणार, आणि शिष्याने चुकून ॲक्सिलरेटर दाबला तर क्लच दाबून इंजिनाचा जोर तोडायची सोय गेली. मालकांनी दोन्ही कोटेशनं मागवली आहेत. तोवर मॅडमनी पार्किंगची मापं घेऊन ठेवलीत.